गिटार बदलली म्हणून इनपुटचा गेन फिरवू नका

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करणाऱ्या मुलामुलींवर मोठा लेख आला होता, वाचून खरंच खूप बरं वाटलं, कारण इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांबद्दल मराठी पेपरात इतकं सविस्तर फारसं कोणी लिहीत नाही. माइक कसा ठेवायचा, खोलीत पडदे-गाद्या लावून आवाज घुमू कसा द्यायचा नाही, हे सगळं छान होतं. पण गिटारच्या चौकटीत एक सल्ला होता, की गिटार इंटरफेसला (गिटारचा सिग्नल लॅपटॉपमध्ये नेणारा डबा) लावली की लाल लाइट लागायच्या जरा अलीकडे येईपर्यंत गेन (आत येणारा सिग्नल किती मोठा करायचा तो नॉब) वाढवत न्यायचा आणि गिटार बदलली की हे परत करायचं, म्हणजे सगळ्या गिटारी एका लेव्हलला येतात. गाणाऱ्याच्या माइकला हा सल्ला चालेल. पण जी मुलं लॅपटॉपमधल्या अ‍ॅम्प सिम्युलेटरमधून (खऱ्या अ‍ॅम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) नाहीतर पायाखालच्या प्रोसेसरमधून वाजवतात, आणि माझ्या ओळखीतली बहुतेक सगळी तशीच वाजवतात, त्यांच्यासाठी तो चुकीचा आहे. आवाज बिघडतो आणि का बिघडतोय ते मुलांना कळतच नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहितीये, जागा होईल तेवढं छापा.

मी कोथरूडला गिटार शिकवते आणि कॉलेजच्या बँडना रेकॉर्डिंगला मदत करते. फ्लॅटमध्ये खरा अ‍ॅम्प लावून वाजवणं किती अवघड ते सांगायला नको, खालच्या मजल्यावर कोणीतरी आजारी असतं, कोणाची दहावी असते, सोसायटीच्या ग्रुपवर पाच मिनिटात मेसेज येतो, त्यामुळे आताची मुलं पहिल्या दिवसापासून हेडफोनवरच वाजवतात. म्हणजे त्यांच्यासाठी अ‍ॅम्प म्हणजे सॉफ्टवेअरच, आणि त्या सॉफ्टवेअरच्या दारात सिग्नल किती मोठा जातोय यावर पुढचं सगळं ठरतं.

मध्यंतरी सेकंड इयरची एक मुलगी क्लासला लॅपटॉप घेऊन आली, म्हणाली ताई हे सॉफ्टवेअरच बोगस आहे, कुठलाही अ‍ॅम्प लावा एकसारखाच चिरका आवाज येतो, क्लीन लावलं तरी क्लीन येत नाही. तिच्याकडे एक सिंगल कॉइलवाली स्ट्रॅट टाइप गिटार आणि भावाची दोन हंबकरवाली (हे पिकअपचे दोन प्रकार, पुढे सांगते). इंटरफेस बघितला तर गेनचा नॉब अर्ध्याच्या बराच पुढे. मी फक्त इन्स्टचं (इन्स्ट्रुमेंट, म्हणजे गिटारसाठीचं) बटण दाबलेलं आहे ना ते बघितलं आणि गेन पूर्ण खाली आणला. मीटरवरची हिरवी पट्टी एकदम छोटी झाली, ती म्हणाली आता तर आवाजच येणार नाही. हेडफोनचा व्हॉल्यूम वाढवला, तोच क्लीन प्रीसेट (जमवून ठेवलेला स्वच्छ आवाज), तीच स्ट्रॅट, ई मायनर मारायला सांगितला, तर सहाच्या सहा तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या, हळू मारलं की मऊ आणि पिकने जोरात मारलं की कडेला थोडीशी करकर, जशी खऱ्या अ‍ॅम्पला येते. ती तोच कॉर्ड हळू-जोरात, हळू-जोरात किती वेळ मारत बसली होती. सॉफ्टवेअर तेच होतं, त्यात काहीच बदललं नव्हतं.

आता हे असं का होतं. गिटारच्या पिकअपमध्ये लोहचुंबक असतं आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. स्टीलची तार हलली की त्या वेढ्यांमध्ये छोटासा व्होल्टेज तयार होतो, तोच सिग्नल. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ ची, तिच्यात तीन सिंगल कॉइल. गिब्सनने लेस पॉलमध्ये हंबकर घातले ते १९५७ ला, एकाला एक लागून दोन कॉइल, त्यामुळे लाइटची ५० हर्ट्झची घूं घूं एकमेकांना मारून टाकते आणि साधारणपणे आउटपुटही जास्त मिळतं. पुढे लोकांनी वेढे वाढवून, चुंबक बदलून अजून हॉट, म्हणजे जास्त आउटपुटवाले, पिकअप केले, मग नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे ईएमजीसारखे अ‍ॅक्टिव्ह पिकअप आले ज्यात आतच छोटा प्रीअ‍ॅम्प असतो. त्यामुळे एका शांत स्ट्रॅटच्या आणि एका हॉट हंबकरच्या सिग्नलमध्ये दुप्पट-तिप्पट फरक सहज पडतो. दुप्पट व्होल्टेज म्हणजे ६ डेसिबल, तिप्पट म्हणजे साडेनऊच्या आसपास. एकाच गिटारीतसुद्धा फरक असतो, आपल्याकडे बऱ्याच मुलांची पहिली चांगली गिटार यामाहाची पॅसिफिका असते, तिच्यात मानेकडचा आणि मधला सिंगल कॉइल आणि ब्रिजला हंबकर, नुसता स्विच हलवला की लेव्हल बदलते. लेखातला सल्ला पाळायचा तर स्विच हलवला की गेन फिरवायचा का?

मुख्य मुद्दा हा आहे की हा फरक दोष नाहीये. खऱ्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला जॅक आणि पहिला व्हॉल्व्ह यांच्यामध्ये सहसा कुठलाच नॉब नसतो. गिटार जेवढा व्होल्टेज देईल तेवढा थेट पहिल्या ट्यूबवर (व्हॉल्व्हलाच ट्यूब म्हणतात) जातो. म्हणून एकाच अ‍ॅम्पवर, एकाच सेटिंगला स्ट्रॅट स्वच्छ वाजते आणि लेस पॉलचा आवाज लगेच तुटायला, म्हणजे करकरायला लागतो, आणि लोक दोन वेगळ्या गिटारी घेतात त्या याच्यासाठीच. जुन्या फेंडर अ‍ॅम्पना एका चॅनेलला दोन जॅक असायचे, एक आणि दोन, दोन नंबरच्या जॅकमध्ये सिग्नल ६ डेसिबलने कमी व्हायचा, हॉट गिटारला किंवा ज्याला जास्त स्वच्छ हवंय त्याला तो जॅक. तेवढीच काय ती सोय. बाकी गिटार जशी आहे तशी अ‍ॅम्पला कळायची.

ज्यांनी अ‍ॅम्पची डिजिटल मॉडेल्स बनवली त्यांनी तेच सर्किट गणितात उतरवलंय, आणि गणिताला माहीत लागतं की आत आलेला आकडा म्हणजे खरे व्होल्ट किती. इंटरफेसच्या मॅन्युअलमध्ये मागच्या पानांवर मॅक्झिमम इनपुट लेव्हल म्हणून आकडा असतो, माइकचा वेगळा, लाइनचा वेगळा, इन्स्ट्रुमेंटचा वेगळा, डीबीयूमध्ये, म्हणजे व्होल्टेज सांगणाऱ्या डेसिबलमध्ये. शून्य डीबीयू म्हणजे ०.७७५ व्होल्ट, १२ डीबीयू म्हणजे साधारण ३ व्होल्ट. इन्स्ट्रुमेंट इनपुटचा आकडा १२ असेल तर त्याचा अर्थ गेन सगळ्यात खाली असताना १२ डीबीयूचा सिग्नल आला की मीटर शून्य डीबीएफएसला लागतो, म्हणजे डिजिटलचं छत, त्याच्यावर काही नाही. आता तुम्ही तिथे गेन १५ डेसिबलने वाढवला तर सॉफ्टवेअरच्या दृष्टीने गिटार साडेपाच पट जोरात झाली, म्हणजे अ‍ॅम्पच्या आधी कोणीतरी तगडा बूस्टर पेडल कायमचा चालू करून ठेवलाय. मग क्लीन कुठून येणार. आणि सगळे अ‍ॅम्प एकसारखे का वाटतात, तर प्रत्येकाचा पहिला व्हॉल्व्ह गणितात पूर्ण पिळला गेलाय म्हणून. मग मुलं म्हणतात हे प्लगइन खराब, दुसरं डाउनलोड करतात, पैसे घालवतात, आणि तिथेही तेच होतं.

काही सॉफ्टवेअर कंपन्या सांगतात की आमचं मॉडेल अमुक डीबीयूला धरून बनवलंय. ते सापडलं तर सोपं गणित आहे. समजा तुमचा इंटरफेस गेन शून्यावर असताना १८ डीबीयूपर्यंत घेतो आणि सॉफ्टवेअर १२ धरून चाललंय, तर तुमचा सिग्नल आत ६ डेसिबलने लहान पोचतोय, सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या इनपुट ट्रिममध्ये ६ वाढवा. उलटं असेल, इंटरफेस १२ चा आणि सॉफ्टवेअर १४ चं, तर २ कमी करा. हे एकदा केलं की सगळ्या गिटारींना तेच राहतं, प्रत्येक गिटारला वेगळं करायचं नाही. आकडा सापडला नाही तरी इन्स्ट बटण दाबून गेन सगळ्यात खाली ठेवून सुरुवात केली तर बऱ्याच इंटरफेसवर तुम्ही बरोबर जागेच्या जवळपासच असता.

त्या इन्स्ट बटणाबद्दल लेखात एक अक्षर नव्हतं याचं मला जास्त वाईट वाटलं. पॅसिव्ह पिकअपला पुढचा इनपुट साधारण १ मेगाओहमचा लागतो. लाइन इनपुट दहा हजार ओहमच्या आसपास असतो, माइकचा तर दोन-तीन हजार. बटण न दाबता गिटार लावली की पिकअपवर भार येतो, वरची चमक निघून जाते, आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो आणि छोटाही होतो, मग मूल काय करतं, गेन वाढवतं. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात कन्व्हर्टर लावून गिटार घालणाऱ्यांचं हेच होतं. तिथे गेनने काही सुधारत नाही, इनपुट बदलावा लागतो.

आता लाल लाइटचं. दोन गोष्टी लोक एकत्र करतात त्या वेगळ्या करून सांगते. एक म्हणजे कन्व्हर्टर, जिथे व्होल्टचे आकडे होतात, तिथे सिग्नल छताला आपटता कामा नये. ट्यूब तुटते ती हळूहळू वाकत तुटते आणि कानाला गोड लागते, कन्व्हर्टर सपाट कापतो, आणि कापलेलं परत येत नाही, नंतर फेडर (आवाजाची सरकपट्टी) कितीही खाली घ्या ते कापलेलंच राहतं. दुसरी गोष्ट म्हणजे अ‍ॅम्पचं मॉडेल, त्याला खऱ्या गिटारएवढा सिग्नल मिळाला पाहिजे. पहिल्यासाठी काळजी एवढीच की वर जागा राहू द्या, दूध तापवताना पातेलं काठोकाठ भरत नाही तसं, कारण पिकने तार जोरात छेडली की क्षणभर जो उंच टोक येतो तो मीटरच्या पट्टीत कधीकधी दिसतही नाही. सिग्नल भरून घ्यायची सवय टेपच्या काळातली, तेव्हा टेपचा सूं आवाज असायचा, नंतर १६ बिटमध्ये ९६ डेसिबलची जागा होती तेव्हाही थोडं खरं होतं. आता साधा इंटरफेससुद्धा २४ बिटचा असतो, कागदावर १४४ डेसिबल, प्रत्यक्षात ११० च्या आसपास धरा, आणि गिटारची स्वतःची घूं घूं त्या तळाच्या कितीतरी वर असते. उणे १२ ला टोकं येतायत, शांत गिटारची उणे २० ला येतायत, काही बिघडत नाही. काहीच नाही. मीटर अर्धा रिकामा दिसला की मुलांना वाटतं आपण काहीतरी वाया घालवतोय.

तर मी मुलांना काय सांगते. घरात, बँडमध्ये जी सगळ्यात हॉट गिटार आहे ती आधी लावायची. अ‍ॅक्टिव्ह असेल तर बॅटरी नवी घालायची, बॅटरी उतरली की गिटार आतच फाटायला लागते आणि आपण इंटरफेसला दोष देतो (आणि वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा, बहुतेक अ‍ॅक्टिव्ह गिटारींमध्ये केबल घातलेली असली की बॅटरी चालूच राहते). व्हॉल्यूम टोन पूर्ण, ब्रिज पिकअप, आणि स्टेजवर जितक्या जोरात मारता तितक्या जोरात मारायचं, दुकानात लाजत लाजत वाजवतो तसं नाही. गेन खाली असतानाच टोकं उणे ६ च्या खाली राहतात का बघायचं. राहत असतील तर झालं, नॉबला हात लावायचा नाही, हवं तर बाजूला मार्करने खूण करून ठेवा. मग तिथेच स्ट्रॅट लावायची, पट्टी छोटी दिसेल, दिसू दे. सगळ्यात खाली ठेवूनसुद्धा हॉट गिटार लाल करतीये तर पॅडचं (सिग्नल लहान करणारं) बटण असेल तर ते दाबा, नसेल तर गिटारचा व्हॉल्यूम आठवर आणा किंवा पिकअप खाली करा.

पिकअप खाली करणं ही गोष्ट तर जवळजवळ कोणीच करून बघत नाही, आणि फुकट आहे. पिकअपच्या दोन बाजूंना दोन स्क्रू असतात, खाली स्प्रिंग किंवा रबराची नळी. सगळ्यात शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरायची आणि तारेच्या खालची कड ते पिकअपचा पोल एवढं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजायचं. साध्या स्ट्रॅट पिकअपला फेंडर जाड तारेकडे २.४ मिलिमीटर आणि पातळ तारेकडे २ मिलिमीटर सांगतं. अर्धा फेरा फिरवा, वाजवा, ऐका, परत अर्धा. मान आणि ब्रिजच्या आवाजात जो फरक मुलं इनपुट नॉबने भरून काढायला जातात तो तिथेच निम्मा मिटतो. आणि पिकअप फार वर असेल तर चुंबक तारेलाच ओढतं, जाड ईवर वरच्या फ्रेटला सूर हलल्यासारखा येतो, ट्यूनर एका जागी थांबत नाही, मग लोक ट्यूनरला आणि गिटारला नावं ठेवतात. सेटअपला देता तेव्हा ज्याच्याकडे देता त्याला मुद्दाम सांगा की पिकअपची उंचीपण बघ.

पायाखालच्या प्रोसेसरचं थोडं निराळं आहे, कारण इनपुट लेव्हल हे नाव सगळ्यांवर असलं तरी आत प्रत्येकाचं काम वेगळं. फ्रॅक्टलच्या अ‍ॅक्स-एफएक्समध्ये इनपुटचं सेटिंग फक्त कन्व्हर्टरपुरतं आहे, जेवढं तिथे वाढवता तेवढं ते पुढे आपोआप कमी करतं, म्हणून अ‍ॅम्पचा गेन बदलत नाही, तिथे लाल लाइटच्या जवळ नेलं तर फायदाच आहे. कदाचित तुमच्या लेखातला सल्ला असल्याच कुठल्या तरी मशीनवरून आला असेल. लाइन सिक्सच्या हेलिक्समध्ये गिटार इनपुटला पॅड आहे आणि इम्पीडन्ससुद्धा (वर सांगितलेला इनपुटच्या ओहमचा आकडा) बदलता येतो. केम्परमध्ये क्लीन सेन्स नावाची वेगळी सोय आहे, क्लीन आणि डिस्टॉर्शनचा आवाज एका उंचीला आणायला. बऱ्याच स्वस्त प्रोसेसरमध्ये मात्र इनपुट वाढवला की सरळ अ‍ॅम्पचा गेन वाढतो, भरपाई वगैरे काही नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे, अर्धवट तुटणारा अ‍ॅम्प लावा, इनपुट ६ ने वाढवा, करकर वाढली तर भरपाई नाहीये, मग तो नॉब एकदा लावून विसरून जा.

स्टेजवर मात्र खरी अडचण येते हे मी नाकारत नाही. भरत नाट्य मंदिरात नाहीतर कॉलेजच्या हॉलमध्ये स्पर्धा चालू आहे, एका गाण्याला स्ट्रॅट, दुसऱ्याला हंबकर, मध्ये दहा सेकंद, आणि स्ट्रॅटचा आवाज बाकीच्यांच्या खाली दबतोय. मग इनपुट वाढवायचा मोह होतो. पण नीट ऐकलं तर कळतं की डिस्टॉर्शनच्या आवाजात गिटार बदलल्याने मोठेपणा फारसा बदलत नाही, कारण तुटलेला सिग्नल आधीच दाबलेला असतो, बदलते ती करकर. क्लीनमध्ये उलट, करकर नसतेच, मोठेपणा सरळ कमी-जास्त होतो. दोन्हीला एकच नॉब फिरवून भागणार नाही. त्यापेक्षा प्रीसेटची कॉपी करा, एक स्ट्रॅटची एक हंबकरची, आणि फरक अ‍ॅम्पच्या नंतर द्या, शेवटच्या लेव्हलमध्ये, क्लीनला स्ट्रॅटला ५-६ डेसिबल जास्त द्यावे लागतील, डिस्टॉर्शनला एखादाच. मग अ‍ॅम्पला गिटार जशी आहे तशीच दिसते आणि समोर बसलेल्याला दोन्ही सारख्या ऐकू येतात. आणि स्ट्रॅटवर मेटल वाजवायचंय तर अ‍ॅम्पच्या आधी बूस्टचा ब्लॉक लावा ना, खुशाल लावा, तो प्रीसेटमध्ये राहतो, हवा तेव्हा बंद होतो, आपण काय केलंय ते आपल्याला माहीत असतं.

अजून एक, वायरलेसवाल्यांसाठी. ती छोटी जॅकमध्ये घुसणारी वायरलेस हल्ली प्रत्येकाकडे दिसते. डिजिटल वायरलेसमध्ये गिटारकडच्या तुकड्यातच कन्व्हर्टर असतो. हॉट पिकअपने तो आधीच कापला असेल तर प्रोसेसरवर मस्त हिरवा लाइट दिसतो आणि आवाज तरी फाटका येतो, कारण फाटका सिग्नलच हिरव्या लेव्हलला आत आलाय. अशा वेळी एकदा साध्या केबलने वाजवून बघायचं, लगेच कळतं. इंटरफेसच्या आधी खरा पेडल लावला असेल तरी हेच, आधी तो बायपास करून लेव्हल लावा.

आणि विजेबद्दल लिहायलाच हवं, कारण गेन वाढवला की घूं घूंपण तेवढीच वाढते आणि ती घालवायला मुलं जे करतात ते बघून मला धडकी भरते. पेठांतल्या जुन्या वाड्यांत, जुन्या वायरिंगच्या खोल्यांत अर्थिंग धड नसतं, लॅपटॉपचा चार्जर लावला की सिंगल कॉइल ओरडायला लागते. मग कोणीतरी सांगतं थ्री पिनची मोठी पिन काढून टाक, आवाज जाईल. कधीकधी जातोही. पण गिटारच्या तारा ब्रिजमधून केबलच्या ग्राउंडलाच जोडलेल्या असतात, म्हणजे तुमची बोटं त्या ग्राउंडवर असतात, अर्थिंग तोडलं आणि कुठल्या उपकरणात बिघाड असला तर करंट सरळ हातात येतो, आणि तोंडासमोर दुसऱ्या लाइनवरचा माइक असेल तर ओठाला. कृपा करून कोणी पिन काढू नका. रेकॉर्डिंगपुरता चार्जर काढून बॅटरीवर वाजवा, गिटार घेऊन स्क्रीनपासून लांब आणि थोडं वळून बसा, नॉइज गेट (वाजवत नसताना घूं घूं बंद करणारी सोय) थोडासा लावा, आणि घरमालकाला सांगून वायरमन बोलवा. गेन खाली आणला की निम्म्या लोकांची तक्रार तशीच कमी होते हेही बघितलंय.

माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या पुरवणीत त्या चौकटीची दुरुस्ती छापा, तुमची पुरवणी वाचून आईवडील मुलांना गोष्टी घेऊन देतात, त्यांच्यापर्यंत ती पोचते, क्लासमधून मी पोचवू शकत नाही तेवढी. दुकानदारांनाही सांगणं आहे, इंटरफेस विकताना पाच मिनिटं काढून गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या गिटारवर इन्स्ट बटण आणि गेन दाखवून द्या, दिवाळीच्या गर्दीत जमत नाही हे मान्य, पण निदान मॅन्युअलमधलं ते पान उघडून दाखवा. आणि स्पर्धांच्या आयोजकांनी लाइन चेकला (कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या चाचणीला) प्रत्येक गिटार, दुसऱ्या गाण्यात लागणारीसुद्धा, एकदा वाजवून घ्यायला वेळ द्यावा, साउंडवाल्या दादांनाही ते सोपं जातं, मध्येच फेडर शोधत बसावं लागत नाही.

ज्यांनी बरेच महिने गेन वर ठेवून वाजवलंय त्यांना एक सांगून ठेवते, खाली आणल्यावर तुमचे आधी बनवलेले सगळे प्रीसेट पहिल्या दिवशी पातळ आणि जीव गेल्यासारखे वाटतील, कारण ते त्या वाढलेल्या सिग्नलवर बनवलेले आहेत. घाबरून नॉब परत वर नेऊ नका. प्रत्येक प्रीसेटमध्ये अ‍ॅम्पचा स्वतःचा गेन वाढवत न्या, जिथे आधी तीनवरच फाटत होतं तिथे आता सहा-सातपर्यंत जागा मिळेल, आणि नॉइज गेटचा थ्रेशोल्ड (ज्या लेव्हलच्या खाली तो आवाज बंद करतो ती) मात्र आठवणीने खाली घ्या, नाहीतर लांब धरलेला सूर मध्येच कापला जाईल.

आपली,
गिटार शिकवणारी एक वाचक,
कोथरूड, पुणे ३८